'परभणी' चार अक्षरी की पाच? मराठीतून पायथन समजावणारे लेखक नेमकं काय काम करतात?

'परभणी' या शब्दात अक्षरं किती? प, र, भ, णी. म्हणजे चार. हे दुसरीतलं मूलही सांगेल.

हाच प्रश्न पायथन या प्रोग्रामिंग भाषेला विचारला तर उत्तर येतं पाच. 'सेलू'ची दोन अक्षरं ती चार मोजते आणि 'पूर्णा'ची दोन अक्षरं थेट सहा.

पायथनचं काही बिघडलेलं नाही. पण इंग्रजी पुस्तकातून शिकणाऱ्याला हा घोळ कधी दिसतच नाही. 'हॅलो' हा शब्द इंग्रजीत पाच अक्षरांचा आहे आणि पायथनही पाचच मोजते, त्यामुळे धडा तिथेच संपतो. परभणी, जिंतूर किंवा गंगाखेडच्या विद्यार्थ्याने हौसेने आपल्या गावाचं नाव टाकून पाहिलं की मात्र प्रश्न उभा राहतो, आणि त्याचं उत्तर त्या पुस्तकात नसतं.

ते उत्तर लिहायचं कोणी? मराठीतून प्रोग्रामिंग समजावणारे लेखक आजवर कोण होते, ते काम कसं करतात आणि नुसतं भाषांतर का पुरत नाही, हे समजून घेऊया.

पायथन म्हणजे काय?

संगणकाला काम सांगण्यासाठी ज्या ठरावीक भाषा वापरतात, त्यांना प्रोग्रामिंग भाषा म्हणतात. पायथन त्यांपैकीच एक. नेदरलँड्सच्या गिदो व्हॅन रॉसम यांनी ती तयार केली आणि १९९१मध्ये पहिल्यांदा सर्वांसाठी खुली केली. नाव सापावरून आलं असेल असं वाटतं, पण ते 'मॉन्टी पायथन' या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून घेतलेलं आहे.

ही भाषा मोफत आहे आणि तिची वाक्यं छोटी असतात. 'इफ', 'एल्स', 'व्हाइल' असे राखीव शब्द सध्या फक्त ३५ आहेत. त्यामुळे अनेक अभ्यासक्रमांत प्रोग्रामिंगची सुरुवात पायथनपासून होते. वेबसाइटपासून हवामानाच्या आकडेवारीपर्यंत आणि एआयपर्यंत ती सगळीकडे वापरली जाते.

परभणी जिल्ह्यातले विद्यार्थी संगणकाच्या पदवीसाठी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत जातात, तर पदविकेसाठी तंत्रनिकेतनांत. जिंतूरला शासकीय तंत्रनिकेतन आहे. सी असो, जावा असो की पायथन, यांच्याशी पहिली ओळख बहुतेकांची इथेच होते.

अडचण नेमकी कुठे येते?

दहावीपर्यंत मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलांपुढे इथे दोन नव्या गोष्टी एकाच वेळी येतात: एक प्रोग्रामिंग आणि दुसरी, ते ज्या इंग्रजीत समजावलं जातं ती भाषा.

३५ राखीव शब्द पाठ करणं अवघड नाही. अडचण त्यांच्या आजूबाजूच्या स्पष्टीकरणाची असते. 'ही ओळ इथे का लिहिली?', 'ही चूक का दाखवली?' या प्रश्नांची उत्तरं लांबलचक इंग्रजी परिच्छेदांत दडलेली असतात. पायथनचे त्रुटीसंदेशही इंग्रजीतच येतात.

एक उदाहरण घ्या. पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीला किती जागा सोडली यावर अर्थ बदलतो. आपण वहीत परिच्छेद सुरू करताना थोडं आत सरकून लिहितो, तसंच हे. वहीत ती जागा चुकली तर फार तर बाई लाल शाईने खूण करतील. पायथनमध्ये ती चुकली तर अनेकदा प्रोग्राम चालतच नाही. मराठीत दोन वाक्यांत कळणारी ही गोष्ट 'इंडेंटेशन एरर' या नावाखाली आली की नवखा विद्यार्थी गोंधळतो.

धोका असा की, अडलेलं असतं भाषेमुळे आणि मुलगा किंवा मुलगी समजते की 'आपल्याला लॉजिकच जमत नाही'. तिथून मग कोड समजून घेण्याऐवजी तो पाठ करणं सुरू होतं.

आजवर कोणी लिहिलं?

प्रोग्रामिंगवर सोप्या शब्दांत लिहिणारा देशभर वाचला जाणारा एक लेखक महाराष्ट्रातलाच आहे. नागपूरचे यशवंत कानेटकर यांचं 'लेट अस सी' हे पुस्तक भारतातल्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी वापरलं. पुढे आदित्य कानेटकर यांच्यासोबत त्यांनी 'लेट अस पायथन' लिहिलं. ही पुस्तकं इंग्रजीत आहेत, पण वाक्यं छोटी ठेवायची आणि प्रत्येक मुद्द्यासोबत चालणारा प्रोग्राम द्यायचा ही त्यांची पद्धत.

मराठीत संगणकाविषयी लिहिणाऱ्यांमध्ये अच्युत गोडबोले हे नाव घराघरात पोचलेलं आहे. पण संगणक म्हणजे काय हे सांगणारं पुस्तक वेगळं आणि शेजारी ठेवून ओळीनुओळ कोड लिहायला लावणारं पुस्तक वेगळं. मराठीत पहिल्या प्रकारचं लेखन जास्त झालं. दुसऱ्या प्रकारचं काम एकट्यादुकट्या लेखकाच्या आवाक्याबाहेरचं ठरतं आणि तिथे गट लागतो.

असा गट उभा केला तो आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या या प्रकल्पात सॉफ्टवेअर आणि प्रोग्रामिंग भाषांवरचे साधारण दहा मिनिटांचे पाठ तयार होतात. ते २२ भारतीय भाषांत डब करण्याची सोय आहे आणि मराठी त्यांपैकी एक. पाठ मोफत आहेत, ऑफलाइनही वापरता येतात. म्हणजे कॉलेजच्या लॅबमध्ये नेट नसलं तरी काम अडत नाही.

हे पाठ तयार कसे होतात?

पाठ दहा मिनिटांचा असला तरी त्यामागे बरेच हात असतात. आधी विषयाचा आराखडा ठरतो. मग संहिता लिहिली जाते, तीही दोन रकान्यांत: एका बाजूला पडद्यावर काय दिसेल आणि दुसऱ्या बाजूला निवेदक काय बोलेल.

त्यानंतरचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा. संहिता अशा माणसाकडे दिली जाते ज्याला तो विषय येत नाही. त्याने फक्त संहिता वाचून प्रत्येक पायरी स्वतः करून पाहायची. तो जिथे अडेल, तिथे विद्यार्थीही अडणार, असं मानून संहिता दुरुस्त होते. तज्ज्ञ माणूस अनेक पायऱ्या गृहीत धरतो. 'फाइल सेव्ह करा' हे लिहायलाच तो विसरतो. नवखा माणूस ती चूक लगेच पकडतो.

मग ध्वनिमुद्रण, तज्ज्ञांकडून तपासणी आणि शेवटी इतर भाषांतलं रूपांतर. मराठी लेखकाला इथे एक जास्तीची कसरत करावी लागते. पडद्यावरचं चित्र इंग्रजीतच राहतं आणि मराठी वाक्य त्या चित्राच्या वेळेत बसवावं लागतं. इंग्रजी वाक्य चार सेकंदांचं असेल आणि मराठी सात सेकंदांचं झालं, तर आवाज मागे राहतो आणि माउस पुढे निघून जातो.

डोळ्यासमोर इंग्रजी आणि कानावर मराठी, ही रचना मुद्दाम ठेवलेली आहे. पुढे नोकरीत काम इंग्रजी पडद्यावरच करायचं असतं. त्यामुळे बटणांची आणि आज्ञांची नावं तीच राहतात, समजूत मात्र मातृभाषेत तयार होते.

'चल' म्हणायचं की 'व्हेरिएबल'?

मराठीत प्रोग्रामिंगवर लिहायला बसलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. व्हेरिएबलला मराठीत 'चल' हा शब्द आहे आणि तो काही परका नाही. दहावीच्या बीजगणितात 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' हा धडा आहे. पण सेमी-इंग्रजीत शिकलेल्या मुलांनी गणित इंग्रजीतून केलेलं असतं. त्यांच्यासाठी 'व्हेरिएबल' ओळखीचा आणि 'चल' नवा. 'प्रोग्राम'साठी 'आज्ञावली' हा शब्द आहे, पण लॅबमध्ये तो क्वचितच ऐकू येतो.

कामचलाऊ तोडगा असा: राखीव शब्द, आज्ञा आणि त्रुटीसंदेशांची नावं जशीच्या तशी ठेवायची. जिथे मराठी शब्द आधीच रुळलेला आहे, उदाहरणार्थ संगणक, अंक, यादी, ओळ, तिथे तो वापरायचा. आणि नवी संज्ञा आली की पहिल्यांदा तिचा अर्थ एका वाक्यात सांगायचा. मराठी शब्द शोधण्यात वेळ घालवून मूळ कल्पनाच सांगायची राहिली, तर वाचकाच्या हाती काही लागत नाही.

मग भाषांतर पुरेसं का नाही?

आता पुन्हा 'परभणी'कडे येऊ. संगणक मराठी अक्षर आपल्यासारखं पाहत नाही. युनिकोड या जागतिक पद्धतीत प्रत्येक व्यंजनाला, प्रत्येक मात्रेला, अनुस्वाराला आणि हलन्तालाही स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे. 'णी' म्हणजे आपल्यासाठी एक अक्षर, पण संगणकासाठी 'ण' आणि दीर्घ वेलांटी अशी दोन चिन्हं. म्हणून प, र, भ, ण आणि वेलांटी मिळून पाच. 'पूर्णा'मध्ये प, ऊकार, र, हलन्त, ण आणि काना, असे सहा.

हे कळलं नाही तर पुढचे नेहमीचे सरावही फसतात. शब्द उलटा करा, हा प्रोग्रामिंगच्या पुस्तकातला ठरलेला सराव. 'सेलू' उलटा केला की 'लूसे' मिळेल असं वाटतं. प्रत्यक्षात पायथन सुटी चिन्हं उलटवते, त्यामुळे सुरुवातीला कुठेच न जोडलेला ऊकार लटकतो आणि त्यापुढे 'लेस' येतं.

दुसरा ठरलेला सराव म्हणजे दोन्हीकडून सारखा वाचता येणारा शब्द ओळखणं. मराठी मुलांना यासाठी 'रामाला भाला मारा' लहानपणापासून माहीत असतं. मधल्या मोकळ्या जागा काढून ते पायथनला दिलं, तर साधा प्रोग्राम म्हणतो की हे दोन्हीकडून सारखं नाही! कारण उलटं केल्यावर पहिलं चिन्ह 'र' न येता सुटा काना येतो. उत्तर बरोबर यायला हवं असेल तर व्यंजन आणि त्याची मात्रा एकत्र धरून मोजावं लागतं आणि त्यासाठी वेगळी लायब्ररी किंवा थोडा जास्तीचा कोड लागतो. जोडाक्षरं एकत्र धरण्याविषयीचा नियम तर युनिकोडने २०२३मध्ये बदलला.

अंकांची गंमत वेगळीच. पायथनमध्ये वापरणाऱ्याने टाइप केलेली गोष्ट आधी मजकूर म्हणून येते. समजा सोयाबीनचा भाव विचारला आणि कोणी ४५०० टाकलं. त्याला थेट दोनने गुणलं तर ९००० येत नाहीत, ४५००४५०० असा मजकूर येतो. तो आधी 'इंट' या आज्ञेने संख्येत बदलावा लागतो. हे कुठल्याही पुस्तकात सापडेल. पण 'इंट' ही आज्ञा देवनागरीतले अंकही ओळखते, म्हणजे मराठी कीबोर्डवरून टाकलेला भावही चालतो, हे मराठीत लिहिणाराच सांगू शकतो. उलट प्रोग्रामच्या ओळीत संख्या म्हणून थेट देवनागरी अंक लिहिले तर पायथन चूक दाखवते.

पायथन ३मध्ये व्हेरिएबलला 'किंमत' किंवा 'भाव' असं देवनागरी नावही देता येतं. मात्र इथेही एक खाच आहे. 'शेतकऱ्याचा' या शब्दातला 'ऱ्य' दोन पद्धतींनी टाइप करता येतो. त्यातल्या एका पद्धतीत मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह येतं. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण अदृश्य चिन्ह असलेलं नाव पायथन नाकारते.

यातली एकही गोष्ट इंग्रजी धड्याच्या भाषांतरातून आली नसती, कारण मूळ धड्यात हा प्रश्नच नाही. त्यासाठी मराठीत विचार करून, मराठी शब्द टाकून, प्रोग्राम चालवून पाहणारा लेखक लागतो.

लिहिलेला धडा जुना होतो तेव्हा

कविता शंभर वर्षांनी वाचली तरी चालते. प्रोग्रामिंगच्या धड्याचं तसं नाही.

पायथनची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८मध्ये आली आणि दुसऱ्या आवृत्तीचा अधिकृत सांभाळ १ जानेवारी २०२० रोजी थांबला. दुसऱ्या आवृत्तीत 'प्रिंट'नंतर कंस लागत नव्हता, तिसऱ्या आवृत्तीत तो लागतो. म्हणजे जुन्या पुस्तकातला अगदी पहिलाच प्रोग्राम आज चालत नाही. दुसऱ्या आवृत्तीत साध्या पद्धतीने लिहिलेला 'परभणी' मोजला, तर बहुतेक ठिकाणी पाचच्या जागी पंधरा उत्तर येई, कारण तिथे चिन्हांऐवजी बाइट मोजले जात आणि यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात.

सी भाषेत हा अनुभव भारतीय विद्यार्थ्यांनी खूप घेतला आहे. बोर्लंड कंपनीचं 'टर्बो सी' १९८७मध्ये आलं, तरी आपल्याकडच्या अनेक लॅबमध्ये ते दशकानुदशकं टिकलं. त्यातली पडदा पुसणारी आज्ञा ही प्रमाण सी भाषेचा भागच नाही. ती शिकून आलेला विद्यार्थी लिनक्सवर बसला की पहिल्याच ओळीत अडतो.

म्हणून एकदा पुस्तक छापून काम संपत नाही. आवृत्ती बदलली की धडा दुरुस्त करणारं कोणीतरी हवं. यामुळेच एका लेखकापेक्षा लेखकांचा गट महत्त्वाचा ठरतो. एकाने सोडलं तरी दुसरा पुढे नेतो.

जगात हे काम कसं चालतं?

पायथनच्या अधिकृत माहितीपुस्तिकेच्या भाषांतरासाठी २०१७मध्ये एक पद्धत ठरवली गेली. प्रत्येक भाषेसाठी एक समन्वयक असतो. मजकूर वाक्यावाक्यांत तोडलेला असतो आणि स्वयंसेवक एकेक तुकडा करतात. इंग्रजी मूळ बदललं की संबंधित तुकड्यावर 'तपासा' अशी खूण होते. जे वाक्य झालेलं नाही ते इंग्रजीतच दिसतं. त्यामुळे अर्धवट भाषांतरही वाचकाच्या उपयोगी पडतं. जपानी, फ्रेंच आणि कोरियन गट या वाटेने आधी पुढे गेले.

देशात २०२१मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांत अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली. मात्र वर्ग मराठीत सुरू होणं हा एक भाग झाला. त्या वर्गातल्या मुलांच्या हातात चालणारा कोड आणि नेमकं स्पष्टीकरण असणं हा दुसरा, आणि तो लेखकांवर अवलंबून आहे.

एआय असताना लेखक कशाला?

आज चॅटबॉटला मराठीत प्रश्न विचारला तर मराठीत उत्तर मिळतं. अडलेल्या विद्यार्थ्याला त्याचा उपयोग नक्कीच होतो. पण हे चॅटबॉट आधी लिहिलेल्या मजकुरावरूनच शिकतात. मराठीत मूळ लेखन जितकं कमी, तितकी उत्तरं इंग्रजीच्या वळणाची. शिवाय ठामपणे दिलेलं उत्तर चुकीचंही असू शकतं. ते ओळखायला आधी विषय कळलेला हवा.

तुम्हाला लिहायचं असेल तर?

यासाठी मोठ्या शहरात राहण्याची किंवा तज्ज्ञ असण्याची गरज नाही. नुकतंच शिकलेल्या माणसाला आपण कुठे अडलो होतो ते ताजं आठवत असतं, हा त्याचा फायदाच. आयआयटी मुंबईच्याच 'फॉसी' प्रकल्पात पाठ्यपुस्तकांतल्या सोडवलेल्या उदाहरणांचे कोड विद्यार्थी लिहितात आणि तपासणीनंतर ते सर्वांसाठी प्रसिद्ध होतात. सुरुवात करायला ही एक वाट आहे.

स्वतः लिहिताना चार गोष्टी पाळता येतील:

१. वर पायथनची आवृत्ती आणि तारीख लिहा. दोन वर्षांनी वाचणाऱ्याला तेच सगळ्यात आधी लागेल.

२. लिहिलेला प्रत्येक कोड चालवून पाहा आणि आलेलं उत्तर जसंच्या तसं द्या.

३. उदाहरण आपलं घ्या. मराठी नाव, मराठी अंक, जोडाक्षर टाकून बघा. जिथे उत्तर अनपेक्षित येईल, तिथेच खरा धडा आहे.

४. प्रसिद्ध करण्याआधी विषय न येणाऱ्या एखाद्या मित्राला तो धडा द्या आणि शेजारी गप्प बसून राहा. तो जिथे थांबेल, ते वाक्य पुन्हा लिहा.

परभणी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत: परभणी, गंगाखेड, जिंतूर, पाथरी, पूर्णा, मानवत, सेलू, सोनपेठ आणि पालम. ही नऊ नावं पायथनला द्या, प्रत्येकाची लांबी विचारा आणि मग स्वतः बोटांवर अक्षरं मोजा. एकही उत्तर जुळणार नाही. ते का जुळत नाही हे लहान भावंडाला मराठीत समजावून सांगता आलं, तर तुमचा पहिला धडा तयार झाला असं समजा.